साल्टर म्हणजे मीठवाला

तुर्भ्याच्या खाडीकाठी साठ-एकसष्टच्या सुमारास कारखाना उभा राहू लागला, तेव्हा गावात बऱ्यापैकी इंग्रजी येणारा नामदेव एकटाच. जमिनीच्या मोजणीला आलेल्या साल्टर साहेबानं त्याला दुभाष्या म्हणून ठेवून घेतलं. त्याचा बाप धर्मा मिठागरात राबायचा, आणि नेमकं तेच मिठागर कारखान्याच्या भरावाखाली जायचं होतं.

एकदा साहेब धर्मा राबत होता त्या बांधावर थांबला. मिठाची रास बघून त्यानं आपल्या आडनावाची गोष्ट काढली. साल्टर म्हणजे मीठ करणारा, मीठ विकणारा. त्याच्या मुलखात समुद्र लांब. जमिनीतून खारं पाणी निघायचं, ते मोठाल्या कढयांत आटवून पूर्वज मीठ काढायचे. कुणी म्हणतात, हे नाव तशाच नावाच्या एका तारांच्या वाद्यावरून पडलं, पण त्याच्या आजीला ते कधीच पटलं नव्हतं. धंदा पणजोबाच्याही आधी सुटला, नाव तेवढं उरलं.

नामदेवनं हे तिथंच बापाला सांगितलं, तसा धर्माचा चेहरा खुलला.

"म्हंजे यो आपल्यातलाच हाय," तो म्हणाला. "त्याला इचार, भराव जरा पलीकडं सरकवशील काय? आमचा येवरा आगर राहू दे."

बाप काय म्हणाला ते कळायची साहेब वाट बघत होता. नामदेवची नवी नोकरी, त्यात बापाचीच वकिली केली तर साहेब काय म्हणेल? त्यानं इंग्रजीत सांगितलं, "वडील म्हणतात, तुम्हाला भेटून आनंद झाला."

साहेब हसला, मान डोलावली. धर्माला तो होकार वाटला. गावभर सांगत सुटला, आगर वाचलं म्हणून.

पावसाळा सरताच मुरमाचे ट्रक आले.

"मीठवाल्याच्या पोटचा," धर्मा म्हणायचा, "नि हसून फसवलान." नामदेव जेवत राही. विलायतेला परतताना साहेब मुद्दाम निरोप घ्यायला घरी आला, तर धर्मा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. बापाला ताप आहे, असं नामदेवनं दारातच सांगून टाकलं.

धर्मा वारल्यावर नामदेवनं बायकोला, काशीला, सगळं सांगितलं. तिनं विचारलं,

"इचारलं असतंस, तर साहेब ऐकता?"

"काय माहीत," नामदेव म्हणाला. "बाबा मात्र त्यालाच शिव्या देत गेला."