धुरीची खोली

कुमुदिनीबाईंनी वेणूबाईला पहिल्यांदा पाहिलं ते बदलापूर गावातल्या शेजारच्या घरी. पाय लांब करून बसलेली, नडग्यांवर पालथं मूल, आणि त्याच्याशी बोलणं असं की जणू मासळीवालीशी भावावरून तंडते आहे. "रड, रड! आवाज थेट बापाचा आहे!" आपली लेक शलाका बाळंतपणाला माहेरी आली की हीच बाई, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

शलाकाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी ओवी नाव ठेवलं. वेणूबाई रोज सकाळी जांभूळ गावाहून यायची, मायलेकींना न्हाऊ घालायची आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची. एका थंड सकाळी कुमुदिनीबाईंनी खोलीची खिडकी घट्ट लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला.

"ताई, आमच्याकडं धूर कौलांतून जातो. तुमच्या या फ्लॅटात कुठून जाईल?"

"वारा लागला तर पोरगी जन्मभर कंबर धरून बसेल. आई मी आहे तिची, वेणूबाई."

वेणूबाईने निखाऱ्यांवर ओवा टाकला. ओवी रडत होती. थोड्या वेळाने थांबली.

"झोपली बघ," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"धुरीत पोर झोपत नसतं!" वेणूबाईने ओवीच्या तळपायाला टिचकी मारली. पाय हलला नाही. तेवढ्यात शलाका "आई, डोकं..." म्हणत भिंतीला घासत खाली घसरली.

"हिला घेऊन बाहेर पळा!" वेणूबाईने ओवीला कुमुदिनीबाईंच्या हातात दिलं, खिडकी उघडली, धगधगती शेगडी उघड्या हातांनी उचलून बाल्कनीत नेली आणि शलाकाला काखेत धरून ओढत बाहेर आणलं.

जिन्यात ओवी आजीच्या हातांत लोळागोळा होऊन पडली होती. कुमुदिनीबाईंनी तिच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालतोय की नाही, काही कळेना. मग ओवीने उलटी केली आणि टाहो फोडला.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. जावई विनीत धावत आला.

"शेगडी कुणी पेटवली?"

"मी," वेणूबाई म्हणाली. तिच्या तळहातांना मलम फासलेलं होतं.

विनीत तिच्याकडे वळला. गप्प राहिलं तरी निभावेल, हे कुमुदिनीबाईंना कळलं. शलाका मास्कच्या आडून आईकडेच बघत होती.

"खिडकी मी लावली," त्या म्हणाल्या. "ती नको म्हणत होती."

ओवी आता दीड वर्षाची आहे. वेणूबाई अजून रोज सकाळी बदलापूर गावात येते, तीन घरची बाळं न्हाऊ घालते. धुरी देत नाही; त्यापायी दोन घरं सुटली.