वहिनींकडे ठेवलेला नंबर

मस्कतला कामाला जाताना मी माझं सिम वहिनींकडे ठेवून गेलो. बँकेचे सगळे मेसेज त्याच नंबरवर यायचे. तिकडे रोमिंग परवडणारं नव्हतं, आणि नंबर वापरात नसला तर कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते, असं महागावच्या रिचार्जवाल्यानं बजावलं होतं. वहिनींजवळ तोवर स्वतःचा फोन नव्हता. मी त्यांना साधा बटणांचा फोन घेऊन दिला, आत माझं सिम टाकलं आणि म्हटलं, "मधूनमधून कोणाला तरी फोन लावत जा. नंबर जिता राहिला म्हणजे झालं."

नंबर जिता राहिला. इतका की मलाच तो लागेना.

त्या साली कपाशीवर बोंडअळी पडली. फुटलेला कापूस लवकर घरी आणायची ज्याला त्याला घाई, आणि वेचायला बाया मिळेनात. वहिनी बाया जमवायला लागल्या. उद्या कोणाच्या वावरात जायचं, कोण येणार, सगळं फोनवर. मी मस्कतहून लावला की व्यस्त. लागलाच, तर मागे बायांचा गलका.

एकदा बँकेच्या कामाला ओटीपी हवा होता.

"वहिनी, आता मेसेज आला असेल. त्यातला आकडा सांगा."

"थांबा ना भाऊजी, कापूस मोजून राह्यली मी."

"थांबलो तर तो बाद होतो!"

"तं मंग असा नासका आकडा धाडतेच कायले थे?"

शेवटी त्यांनी आकडा वाचला, मी टाकला, चुकीचा निघाला. तो कसल्याशा जाहिरातीतला होता. पुन्हा मागवला, तेवढ्यात त्यांना कोण्या बाईचा फोन आला आणि त्यांनी माझाच कापला. मी खोलीत एकटाच ओरडलो. दादाला लावला, तर तो म्हणाला, "तुमचं दोघायचं तुमी पाहा. मले मधात घेऊ नका."

सुट्टीवर आलो तेव्हा ठरवूनच आलो होतो. वहिनींना नवं सिम देतो म्हणालो आणि माझं काढून घेतलं. त्या दिवशी त्या चहा ठेवायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फोन वाजला.

"आज कोनाच्या वावरात?"

"हा नंबर आता वहिनींचा नाही. माझा आहे."

"तुहा कसा? तिचा फोन तुह्याजवळ कसा आला? चोरला काय रे?"

अशा किती जणींनी मला चोर ठरवलं! एकीनं तर नवऱ्याच्या हाती फोन दिला. नवा नंबर सांगावा, तर लिहून घेणार कोण? जुना मात्र सगळ्यांच्या तोंडपाठ. तिकडे वहिनींचं नवं सिम मुकाट पडून होतं, आणि एका वावरातला कापूस त्या दिवशी वेचायचाच राहून गेला. शेतकरी दारात येऊन वहिनींवरच भडकला.

संध्याकाळी मीच सिम त्यांच्या फोनमध्ये परत टाकलं. नंतर पुसदला जाऊन तो नंबर रीतसर त्यांच्या नावावर करून दिला आणि त्यांच्यासाठी आणलेलं नवं सिम स्वतःकडे घेऊन बँकेत त्याचा नंबर द्यायला गेलो.

"जुना बंद पडला का?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

"बंद कसला पडतो!" मी एवढ्या जोरात म्हणालो, की रांगेतली माणसं वळून पाहायला लागली.