आग्लायाचा न सांधलेला दंड

गावात कुणी गेलं की पुरायचं काम पुरुषांचं. पण तीन-चार वर्षांनी कबर उकरून हाडं वर काढायची, वाइननं धुवायची, उन्हात वाळवायची आणि चर्चमागच्या अस्थिघरात नेऊन ठेवायची, हे काम आग्लायाचं. यानिना शहराच्या वर डोंगरात असलेल्या त्या गावाची दफनभूमी एवढीशी. जुन्यांनी जागा सोडल्याशिवाय नव्यांची सोय होत नसे. सासूनं शिकवलेलं हे काम आग्लाया तीस वर्षं करत आली होती. कुणाचीही कवटी ती उघड्या हातानंच उचलायची, आणि उचलताना नाव घेऊन हाक मारायची.

त्या हिवाळ्यात सरपण घेऊन येताना ती अंगणाच्या पायऱ्यांवरून घसरली आणि उजवा दंड मधोमध मोडला. तालुक्याच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, तीन महिन्यांनी काढलं, पुन्हा घातलं. उन्हाळा सरला तरी हाड काही धरेना. कोपराच्या वर, जिथं सांधा नाही तिथंच हात वाकायचा. दुखायचं फारसं नाही, पण पाण्याचा तांब्या उचलायला गेलं की हात कुणा परक्याचा असल्यासारखा लोंबायचा. ती तो ओढणीनं छातीशी बांधून ठेवी आणि कुणी आलं की वरून शाल घेई.

तिला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटायचं, तर याचं: तिनं धुतलेल्या हाडांत मोडून सांधलेली कितीतरी होती. एका मेंढपाळाची नडगी चक्क वाकडी जुळलेली, पण जुळलेली. ना डॉक्टर, ना औषध. मग आपल्याच हाडाला काय झालं?

त्याच शरदात स्तेर्यिओसच्या कबरीची मुदत भरत होती. स्तेर्यिओस तिचा धाकटा भाऊ. आईच्या पश्चात घराच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि अकरा वर्षं त्यांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही. तो गेला तेव्हा आग्लाया दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभी राहिली. आत गेली नाही. आता पाद्री त्याच्या बायकोला, लांब्रिनीला म्हणत होते, की खालच्या गावची बाई बोलवू आणि उरकून घेऊ.

एका दुपारी लांब्रिनी थेट आग्लायाच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"वन्सं, मी पाद्रींना सांगून आलेय. ह्यांच्या हाडांना दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही."

"माझा हात बघतेस ना?" आग्लायानं शाल बाजूला केली. "याला काय हात म्हणायचं?"

"मग नीट करून घ्या. मी थांबते."

"किती थांबशील?"

"अकरा वर्षं तुम्ही दोघं थांबलात. मला एक जड नाही."

आग्लायानं शाल पुन्हा हातावर ओढली. पण पुढच्या आठवड्यात दोघी बसनं यानिनाच्या मोठ्या इस्पितळात गेल्या.

डॉक्टर झिकोस उंच, कमी बोलणारे. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "मावशी, दोन्ही टोकं गुळगुळीत झालीत. हाडाला वाटतंय, आपण इथंच संपलो. ती टोकं ताजी करायची, धातूची पट्टी आणि स्क्रू लावायचे, आणि मध्ये दुसरीकडचं हाड भरायचं."

"दुसरीकडचं म्हणजे कुणाचं?"

"तुमचंच. कमरेच्या काठाचं."

आग्लायानं स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "ठाऊक आहे मला ते. वरून जाड कड, आतून मधाच्या पोळ्यासारखं."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"धुते मी ती," ती म्हणाली. "पण जिवंतपणी कुणाचं काढलेलं पाहिलं नाही."

शस्त्रक्रियेनंतर दंडापेक्षा कंबरच जास्त दुखली. पंधरा दिवस कुशीवर वळता येईना. त्याहून वाईट म्हणजे मनगट लुळं पडलं. दंडाच्या हाडाला चिकटून जाणारी शीर दुखावलीय, येईल हळूहळू परत, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण 'हळूहळू' म्हणजे किती ते त्यांनाही सांगता येईना. लांब्रिनी रोज येऊन तिला भरवायची. एकदा सूप भरवता भरवता म्हणाली, "तुमचे भाऊ तुमच्याबद्दल काही वाईट बोलायचे नाहीत. चांगलंही बोलायचे नाहीत. तुमचं नावच काढायचे नाहीत."

"मीही तेच केलं," आग्लाया म्हणाली.

दहाव्या आठवड्यात अंगठा हलला. पाचव्या महिन्यात झिकोसनी नवा एक्स-रे दाखवला: पूर्वी काळी फट होती तिथं आता धुक्यासारखा पांढुरका पूल दिसत होता. "धरलंय," ते एवढंच म्हणाले. आग्लायानं एक्स-रे घरी न्यायला मागितला. तो त्यांनी दिला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी लांब्रिनीनं माती उकरली आणि आग्लाया गुडघ्यांवर बसली. हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण खाली पुरत होता. कवटी दोन्ही हातांत घेतली तेव्हा तिनं नेहमीसारखी हाक मारली, "स्तेर्यिओस," आणि अंगठ्यानं कपाळावरची माती पुसली. मग म्हणाली, "उशीर केला रे मी. घर तुझंच होतं, चुकले मी."

लांब्रिनी वाइन ओतत राहिली. आग्लाया एकेक हाड धूत होती, सावकाश, मध्ये मध्ये थांबून दंड चोळत. दुपारपर्यंत सगळी हाडं पांढऱ्या चादरीवर मांडून झाली. मग दोघींनी भिंतीच्या सावलीत पाव आणि जैतून खाल्ले.

पुढे नऊ वर्षं ती ते काम करत राहिली. थंडीत दंड ठणकायचा आणि जड पहार तिला कधीच पेलली नाही. उकरायला लांब्रिनी असायची.