देवणीच्या रानात कप्तानानं शिंपलेला चर

ऐन येळवशीला लातूर जिल्ह्यात निघणार असाल तर डबा बांधून घेऊ नका. त्या दिवशी हॉटेलं बंद असतात, रस्ते ओस पडतात. पण कुठल्याही रानाजवळ गाडी उभी करा, कुणीतरी जेवायला हाक मारतंच. नाही म्हणू नका, एवढंच माझं सांगणं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या नायगावकडे तिचं एवढं नाही. पण माझी चौथीपर्यंतची शाळा देवणीजवळ मामाच्या गावी झाली. त्या शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे असलेला बालाजीदादा यंदा फोनवर म्हणाला, "येच तू. मला सोबत पाहिजे." दादानं बावीस वर्षं नौदलात काढली, मोठा अधिकारी होऊन निवृत्ती घेतली आणि सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या सात एकरांत परत आला. गाव त्याला कप्तान म्हणतं. असा माणूस सोबत मागतो म्हटल्यावर मी रजा टाकली.

आदल्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली. नरसी, देगलूर, उदगीर, मग देवणी. जाऊन-येऊन साडेपाचशेचं पेट्रोल लागलं. देगलूरच्या पुढे रस्त्याला खड्डे आहेत, घाई करू नये. उदगीरला चहावाल्यानं हिशेब कानडीत सांगितला, मी मराठीत पैसे दिले, दोघांचंही भागलं. दोन्हीकडे तूर पिवळी पडत होती, हरभरा घाट्यांनी भरला होता.

दुपारी दादा मला शेताच्या पूर्वेच्या कडेला घेऊन गेला. तिथं मोजणीचा एक दगड रोवलेला होता.

"हा मी रोवला," तो म्हणाला.

शेत नावावर करताना त्यानं सरकारी मोजणी आणली. शेजारच्या गुंडप्पाकाकांकडे आपली तीन हात पट्टी गेल्याचं नकाशात निघालं. काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी औत तीन हात मागं घेतलं आणि दादाशी बोलणं टाकलं. त्याला तीन येळवशी झाल्या. दादाला पेरणीची तिफण धरायला ज्यांनी शिकवलं ते हेच काका.

"जुना बांध आमच्या दोघांच्या वडलांनी बोलून ठरवलेला होता, हे मला मागाहून कळलं," दादा म्हणाला. "समुद्रात नकाशावरच्या रेघेबाहेर गेलो की जहाज खडकावर. ती सवय. इथं नकाशा बरोबर होता, तरी खडकावर गेलो."

"मग आता?"

"रब्बी निघाली की काकांचा पोरगा त्यांना हैदराबादला नेतोय. कायमचं. उद्या जेवले नाहीत तर राहिलंच."

सणाच्या सकाळी आम्ही काकांना बोलवायला गेलो. सत्तरी ओलांडलेला बारीक माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे. उंबऱ्यातूनच म्हणाले, "कप्तानसाहेब, किती पावलं यायचं ते मोजून सांगा. उगं जास्तीचं पाऊल पडायला नको."

दादा मान खाली घालून परतला.

शेतात सुनंदावहिनींनी कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, उभारली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडलेले. समोर हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यात ताकातली आंबील. मी हात जोडले. देवाकडे काय मागावं ते सुचेना, नुसता उभा राहिलो. पलीकडे आपल्या रानात काकांनीही लहानशी कोप केली होती. ते एकटेच बसले होते.

पूजेनंतर चर शिंपायचा असतो. आंबील घेऊन शेताच्या कडेनं फिरायचं आणि लिंबाच्या डहाळीनं ती शिंपडत जायचं. मागच्यानं कानडी वळणाची जुनी आरोळी द्यायची. तिचा अर्थ कुणाला नीट सांगता येत नाही, पण देतात सगळे. दादानं मडकं खांद्यावर घेतलं.

"सांभाळून हो!" वहिनी ओरडल्या. "आंबील हाय ती, समुद्र न्हाई!"

तीन बाजू झाल्या. चौथीला मोजणीचा दगड आला. दादा थांबला. मग दगड बाहेरच्या अंगाला सोडून तो तीन हात आत वळला आणि सरळ उभ्या हरभऱ्यातून चालू लागला.

"अवो, आपलाच हरभरा तुडवायलात की!" वहिनींचा आवाज निम्म्यावर थांबला. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

मी आरोळी देत मागं चाललो. दादा प्रत्येक पावलाला डहाळी बुडवत होता. काका उठून उभे राहिले होते.

आम्ही कोपीपाशी आलो तेव्हा ते दगडापाशी येऊन थांबले होते. मग तिथून कोपीपर्यंत चालत आले.

"तुला कुणी सांगितलं जुना बांध कुठं व्हता ते?"

"कुणी नाही. तुम्ही पहिल्या वर्षी औत जिथून वळवायला लावायचात, तिथून आलो."

काकांनी वाहणा काढल्या आणि घोंगडीवर बसले. "वाढ बाळ्या. आन् आंबील जास्ती घाल, लई चाललास."

जेवताना वहिनींनी तिसऱ्यांदा भज्जी वाढली तेव्हा काका म्हणाले, "सूनबाई, हैदराबादला जायच्या आधीच मारती का?" हसताना त्यांचे डोळे भरले होते. उठताना त्यांनी विचारलं, "त्या पट्टीतला हरभरा काढायचा कुणी?"

"तुम्ही. जमीन तुमची."

"पेरला तू."

"तुडवलाही मीच."

दोघंही हटले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी गाडीला किक मारली तेव्हाही ते ठरलेलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय बघून आलात? सांगण्यासारखं देऊळ, किल्ला काहीच नव्हतं. मी मोकळ्या मनानं झोपलो, एवढं खरं.

परवा दादाचा फोन आला. काका गेले हैदराबादला. एसटीत बसवताना त्यांनी दादाच्या डोक्यावरून हात फिरवला. हरभरा मात्र दोघांनीही काढला नाही. तीन हातांची ती पट्टी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभीच वाळली आणि राघूंनी खाल्ली. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, धान्य वाया गेलेलं मला बघवत नाही. पण हा हरभरा वाया गेला असं माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही.