चर्चचा टॉवर आणि माझे व्याही

काच नवी होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नवीच होती.

काही दिवसांपूर्वी चर्चच्या रस्त्याकडच्या भिंतीतल्या भेगेवर मी स्वतः काचेची पट्टी आडवी बसवली होती. दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवलेली. आम्ही इंजिनियर लोक याला टेल-टेल म्हणतो. भेग जुनी असेल, भिंत स्थिर असेल, तर काच शाबूत राहते. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते. आता तिथे जी पट्टी होती ती व्हाइट सिमेंटने चिकटवलेली होती, आणि व्हाइट सिमेंट मी आणलंच नव्हतं.

"कुणी बदलली?"

"मीच," याकोबराव म्हणाले. "पोरांनी चेंडू मारला, फुटली. म्हटलं, तुमाला नगरहून परत हेलपाटा कशाला?"

याकोबराव चर्चच्या बांधकाम कमिटीचे अध्यक्ष. शिर्डी रोडला प्लॉटिंगचा धंदा. शिवाय माझे व्याही. माझी रूथ त्यांच्या घरी दिली आहे. त्यामुळे तोंडावर खोटं पाडता येत नव्हतं. खरं म्हणजे मला पाडायचंही नव्हतं. चेंडूनेच फुटली असेल तर बरं, असं मनापासून वाटत होतं. कारण टॉवर मलाही हवा होता.

आमच्या मूळ गावात चर्च दोन. रस्त्यापलीकडच्या मंडळीने टॉवर बांधला, वर लाइटचा क्रूस लावला. झालं, आमच्या मंडळीची झोप उडाली. आपला टॉवर त्याहून उंच पाहिजे, क्रूस हायवेवरून दिसला पाहिजे! मी पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेला, घरी एकच पेपर दिवसभर वाचणारा माणूस. याकोबरावांनी विषय काढला आणि मी लगेच ड्रॉइंग करून नेलं. कुणी सांगितलं नसताना त्यात कोनशिला दाखवली आणि तिच्यावर माझं नाव घातलं. 'जगाच्या मोहापासून आम्हांला राख,' अशी प्रार्थना मी दर रविवारी करतो. मोह म्हणजे दारू, पत्ते, फार तर सोनं, अशी माझी समजूत. तो क्रूस घेऊन माझ्या ड्रॉइंगच्या कागदावर येईल, हे डोक्यात आलं नव्हतं.

"मग टॉवरच्या ड्रॉइंगवर सही कधी करताय?" याकोबरावांनी विचारलं.

"थोडं थांबा," मी म्हणालो. आत जाऊन पुलपिटच्या, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाच्या मागे, त्याच भिंतीच्या कोपऱ्यातल्या भेगेवर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर दुसरी काच लावली. शिडी उचलून परत दिली आणि चर्चची किल्ली पाळकसाहेबांकडे ठेवली.

पुढचा आठवडा वाईट गेला. जेवण गोड लागेना. मी हिशोब पुन्हा मांडला. टॉवर थोडा बुटका केला, मग भिंती पातळ केल्या, मग विटांऐवजी स्टील घेतलं. उत्तर आधी ठरवून मी गणित सोडवत होतो. नोकरीत एखाद्या ज्युनियरने हे केलं असतं तर मी त्याला केबिनमध्ये बोलावून झापलं असतं.

मध्येच रूथचा फोन आला. "पप्पा, करून टाका ना सही. घरात कुणी धड बोलत नाही माझ्याशी."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी उपासनेला गेलो. काचेचे सरळ दोन तुकडे झाले होते. खाली पहिल्या बाकावर म्हाताऱ्या बाया, त्यांच्या मांडीवर नातवंडं. गीत चालू होतं आणि मी घामाघूम झालो होतो. मला सगळ्यांना ओरडून बाहेर काढावंसं वाटलं.

उपासनेनंतर कमिटी बसली. मी सांगितलं, "पाया उथळ आहे आणि काळ्या मातीत आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंत हलतेय. टॉवर सोडाच, आहे तेच धोक्यात आहे."

"देवाचं काम हाय," याकोबराव म्हणाले. "देव सांभाळंल की!"

"खाली बसणारी माणसंही देवाचीच आहेत," पाळकसाहेब एवढंच बोलले. पुढच्या रविवारपासून उपासना शाळेच्या व्हरांड्यात भरवायची ठरली.

मग आम्ही अंडरपिनिंग केलं. म्हणजे भिंत तशीच ठेवून तिच्याखाली थोडं थोडं खणायचं, घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि काँक्रीट भरून वर यायचं. काम किचकट आणि सगळं जमिनीखाली. पुन्हा चर्च उघडलं तेव्हा लोक मला विचारत होते, "साहेब, नक्की केलं काय?" दिसायला होतं तसंच होतं.

त्या दिवशी प्रीतिभोजन होतं. याकोबराव ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

"व्याही, आता खरं सांगा. आता टॉवर पेलंल का न्हाई?"

हा हिशोब मी काम चालू असतानाच करून पाहिला होता. राहवलं नव्हतं.

"पेलेल," मी म्हणालो.

"मग काढा की ड्रॉइंग!"

इतके दिवस माझ्या बाजूने काळी माती बोलत होती. आता ती बोलायची थांबली. टेक्निकल कारण एकही उरलं नाही.

"नाही काढणार."

"का बरं? क्रूसच हाय ना त्यो? त्यात वाईट काय?"

"क्रुसात काहीच नाही. पण तुम्हाला तो पलीकडच्यांना दाखवायचाय आणि मला त्याच्याखाली माझं नाव पाहिजे. क्रुसासाठी आपल्यापैकी कुणीच टॉवर मागत नव्हतं."

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि उठून गेले. अजून बोलत नाहीत. सणाला रूथ एकटीच येते, संध्याकाळच्या आत निघते. मला वाईट वाटतं, आणि टॉवरचं ड्रॉइंग कधीकधी डोळ्यांसमोर येतं, तेही खोटं नाही.

नोकरीत मी कितीतरी प्रस्ताव नाकारले. त्याबद्दल माझ्यावर कुणी रुसलं नाही, कारण दरवेळी रिपोर्टात मातीचं नाव असायचं. या खेपेला मातीच्या जागी लिहायला माझ्याशिवाय दुसरं नाव नव्हतं.