मामाचं आडनाव

मंडळी, आज लय थकलेय. पण हे सांगितल्याशिवाय स्वयंपाकाला हात लागायचा नाही.

पाथरीत आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय, समाजातली विविधता आणि विषमता. माझ्या शेजारी बसलेल्या बाई सगळ्यांत छान बोलल्या. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

परतताना जीपमध्ये त्यांना म्हटलं, माझी इकडं बदली झालीय, खोली शोधायलेय.

"आमच्या वरच्या खोल्या रिकाम्याच हायत की! या राहायला." मग म्हणाल्या, "तुमी जाधव म्हणजे कोणते जाधव?"

"इकडचेच."

"आन् मामाचं आडनाव?"

नुसत्या जाधववरून जात कळत नाही, मामावरून कळते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी खरं सांगितलं. दरवेळी खोटं बोलायचाही कंटाळा येतो.

बाई बाहेर बघत बसल्या. तिकडंच बघत म्हणाल्या, "खोल्यांचं आमच्या ह्यांना इचारून सांगते."

विषमतेचे कितीतरी शब्द आज शिकवले. बाईंनी त्यातला एकही वापरला नाही, तरी मला सगळं कळलं.

तुम्हाला विचारतात का मामाचं आडनाव? काय सांगता?

उद्या प्रशिक्षणाचा दुसरा दिवस. उतरताना बाई प्रेमानं म्हणाल्या, "लवकर या, शेजारची जागा धरून ठेवते."