याडीची भट्टी

याडीच्या हॉटेलात आलूबोंड्याचं कौतुक करायची सोय नव्हती. कुणी "वा!" म्हटलं की ती झारा कढईवर आपटायची. "वा कायले? घरी उपाशी ठेवते का बायको?" माणूस मुकाट्याने रस्सा ओरपायचा. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. तांड्यावरून आलेल्या या बाईचं खरं नाव बोरी अरबच्या बसस्टँडवर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आईपणाचा गोडवा तिच्या तोंडी औषधालाही नव्हता.

तिच्यापुढे सगळे सारखेच तुच्छ. एकदा एक पुढारी कार्यकर्त्यांसह आला आणि रांग सोडून पुढे घुसला. याडीने त्याला खालीवर न्याहाळलं. "कपडे कडक आहे, पाय तर नाही न कडक? राह्य उभा मागं." तो राहिला. आम्ही शाळकरी पोरं त्या दिवशी शाळा बुडवल्याचं सार्थक झालं म्हणून खूश.

पुढे आम्ही पांगलो. मी यवतमाळात राहिलो, त्यामुळे येणं-जाणं टिकलं. याडी मात्र पत्र्याच्या त्याच शेडमध्ये, लाकडाच्या त्याच भट्टीपुढे उभी होती. भिंती काळ्या झाल्या होत्या, आणि तिला खोकलाही जडला होता. बोलता बोलता ती वाकायची, पदर तोंडाशी धरायची. दारव्ह्याच्या डॉक्टरने धूर बंद करायला सांगितल्यावर तिने समोरच गाळा घेतला. गॅस, पंखा आणि पाठीला टेका असलेली खुर्ची. मुलगी रेखा हाताशी होतीच.

ही बातमी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पोचली आणि हाहाकार उडाला. पुण्याला बंगला बांधून बसलेल्या एका इंजिनिअरला गावाची आठवण दाटून आली. वर्षानुवर्षे जी मंडळी इकडे फिरकली नव्हती, त्यांची 'याडीचं हॉटेल बचाव समिती' झाली. दिवाळीत गाड्या आल्या. फ्लेक्स लागला, त्यावर समितीचे चेहरे ठळक आणि याडी कोपऱ्यात, तिकिटाएवढी.

शेडपुढे सतरंजी टाकून सभा भरली. इंजिनिअर गहिवरून बोलला, "याडी, ही भट्टी मोडू नकोस. गॅसवर ती चव येणार नाही. आमच्या आठवणी आहेत इथे."

"आठवणी तुमच्या, अन् खोकला माह्या," याडी म्हणाली. "तुह्या घरी स्वयंपाक कायच्यावर होते?"

"गॅसवर."

"मंग मलेच काहून धुरात उभं करून राह्यले?"

समितीतल्या एकाने वर्गणीतून चिमणी बसवून देण्याची तोड काढली, पण भिंती रंगवायच्या नाहीत, अशी अट घातली. काळ्या भिंती फोटोत छान दिसतात म्हणे! याडी ऐकत होती. ती आत गेली, लोखंडी सब्बल घेऊन आली आणि आमच्यादेखत तिने भट्टीचा कोपरा फोडला. दुसऱ्या घावाला तिला खोकल्याची उबळ आली. मग रेखाने सब्बल घेतली. समितीतले गृहस्थ अंगावर धूळ उडू नये म्हणून मागे सरकले. जाताना इंजिनिअरने भट्टीची एक वीट आठवण म्हणून डिकीत घातली. गाळ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

त्यानंतर मी गेलो की याडी पंख्याखाली खुर्चीत असायची. खोकला उतरला होता, जीभ नाही. एकदा मी विचारलं, "जुनं हॉटेल आठवते का, याडी?"

"कायले आठवू? तिथं मले बसलेली पाह्यली होती का तू कधी?"

पाहिली नव्हती.

या उन्हाळ्यात याडी गेली. ग्रुपवर लगेच त्या धुराच्या शेडचा फोटो झळकला, खाली हात जोडलेले, आणि 'एक पर्व संपलं' हे वाक्य तर प्रत्येकाला स्वतःलाच सुचल्यासारखं. तेरावं झालं. मी गाळ्यावर गेलो तेव्हा एस.टी.ची माणसं दाराबाहेरपर्यंत उभी होती. रेखा कढईपुढे होती आणि खांद्याने कानाशी फोन धरून पुण्याहून आलेलं सांत्वन ऐकत होती. पलीकडचा मोठ्याने बोलत होता. हॉटेल बंद पडलं याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

"बंद कायले पडन, दादा?" रेखा म्हणाली. "तेल तापलं आहे. ठेवा आता."